मृगाचा भरंवसा आणि जमिनींतील ओल

मृग नक्षत्र लागलें, एक-दोन सरी पडल्या, कीं शेतकऱ्यानें तिफण जुंपावी, हा क्रम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. आपणही घरीं पंचांगांत नक्षत्राचें वाहन हौसेनें पाहतों. परंतु अलीकडे या क्रमाचा भरंवसा उरलेला नाहीं. पहिल्या सरीवर पेरावें, तों पुढें पावसानें दडी मारावी आणि कोवळीं रोपें करपावीं. उलट सोयाबीन काढणीला आलें असतां धो धो पाऊस येऊन शेंगांतच दाण्यांना मोड फुटावे, असे प्रसंग वारंवार येतात.

यांत दैवाकडे बोट दाखवून भागणार नाहीं. भारताचें सरासरी तपमान १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें. हवा एका अंशानें तापली, कीं तिची बाष्प धारण करण्याची शक्ति सुमारें ७ टक्क्यांनीं वाढते. त्यामुळें पाऊस पडतो तेव्हां एकदम पुष्कळ पडतो, आणि मध्यंतरीं दीर्घ उघडीप राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, मध्य भारतांत १९५० ते २०१५ या अवधींत अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिप्पट झाल्या. रब्बीचीं पिकेंही सुटलीं नाहींत. २०२२ चा मार्च देशांत १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणांत ऐन दाणा भरण्याच्या वेळीं गहूं होरपळला, आणि मे महिन्यांत सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

मग शेतकऱ्यानें करावें काय? पाऊस त्याच्या हातीं नाहीं; पण पडलेलें पाणी राखणें पुष्कळसें त्याच्या हातीं आहे. पहिल्या सरीला न भुलतां ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीस थांबावें. रुंद वरंबा-सरी पद्धतीनें पेरल्यास अतिवृष्टीचें जादा पाणी सरींतून निघून जातें व उघडिपींत वरंब्यांत ओल टिकते. सोयाबीनमध्यें तूर घ्यावी. तिचें मूळ खोल जातें, आणि एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं लागतें. शेततळें असल्यास अडचणीच्या वेळीं एखादें पाणी देऊन पीक वांचवितां येतें. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें तर दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरविण्याची शिस्त लावून घेतली.

या कामीं आपल्या जुन्या धान्याचाही विसर पडूं नये. सोलापूर-मंगळवेढ्याकडील काळ्या जमिनींत मालदांडी ज्वारी पावसाळा सरतां सरतां पेरतात. ती बहुतांशीं जमिनींत मुरलेल्या ओलीवर पोसते, आणि धान्याबरोबर गुरांना कडबाही देते. उंसाला मात्र जवळजवळ वर्षभर पाणी लागतें. असें असतां शेतकरी उंसाकडे वळतो, कारण उंसाला हमखास गिऱ्हाईक आहे. ज्वारीला तें तसें नाहीं.

येथें आपल्या घरांचा संबंध येतो. आपल्या पानांत गव्हाची पोळी नित्याची झाली आणि भाकरी क्वचित् दिसूं लागली. शहरांतील घरांत भाकरीला पुन्हां मान मिळाला, तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या धान्याला दर येईल, आणि कमी पाण्यावर तग धरणारें पीक पेरण्यास त्याला धीर येईल. आठवड्यांतून तीन-चार दिवस रात्रीच्या जेवणांत भाकरी करण्याचा नेम गृहिणींनीं आणि घरांतील इतर मंडळींनींही मिळून धरावा. मुलांना प्रथम ती रुचणार नाहीं. पण गरम भाकरी, लोणी आणि शेंगदाण्याची चटणी पुढें आली म्हणजे तक्रार फार दिवस टिकत नाहीं.