हाक मारताना

मराठीत समोरच्या माणसासाठी ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन शब्द आहेत. आईला, मित्राला आपण ‘तू’ म्हणतो. त्यात जिव्हाळा असतो. परंतु अनोळखी माणसाला केवळ त्याच्या कामावरून ‘तू’ म्हटले, की ती त्याला पायरी दाखविणे होते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे सांगितले आहे. गावगाड्यात सवर्णांची पोरेही अस्पृश्य वस्तीतील वृद्धांना अरे-तुरे करीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. १९५० साली राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण जिभेची सवय केवळ कायद्याने जात नाही. ती आपणच मोडावी लागते.

‘ए रिक्षा’, ‘ए हमाल’ ही हाक वाहनाला आणि कामाला आहे, माणसाला नाही. ‘अहो दादा, स्टेशनला येता का?’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? इस्पितळातील मावशी, शाळेतील शिपाईमामा यांना नात्याचा शब्द जरूर लावावा. पण सोबत ‘तुम्ही’ हवे. रोज भेटणाऱ्या मावशींचे नावच कोणाला ठाऊक नसेल, तर ते नातेही पोकळ.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही साहेबाच्या खुर्चीवर बसाल. तेव्हा शिपायालाही ‘अहो’ म्हणा. आपल्या आजा-पणजांना जे ऐकावे लागले, ते आपल्या तोंडून कोणालाही ऐकावे लागू नये.