वायलमची लोहारशाळा

इंग्लंडच्या उत्तर भागात टाइन नदीच्या काठी वायलम नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कोळशाची खाण होती व खाणीची स्वतःची लोहारशाळा होती. टिकावांना धार लावावी, घोड्यांचे नाल घडवावे, तुटलेल्या साखळ्या सांधाव्या, हे अशा लोहारशाळेचे नित्याचे काम. टिमथी हॅकवर्थ हा विशीतला तरुण तेथील मुख्य लोहार होता. त्याच्या वडिलांनीही याच खाणीवर ते काम केले होते.

खाणीतला कोळसा वाघिणींत भरून पाच मैलांवरील लेमिंग्टनच्या धक्क्यावर नेत. वाघिणी घोडे ओढीत. पण नेपोलियनशी युद्ध जुंपले आणि घोडे व दाणावैरण दोन्ही महागली. मालक ख्रिस्तोफर ब्लॅकेट याला वाफेचे इंजिन हवेसे झाले. मात्र एक शंका अनेकांना छळीत होती. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक जागच्या जागी गरगर फिरेल, पुढे सरकणार कसे? लीड्सजवळच्या एका खाणीने तर १८१२ मध्ये रुळालाच दाते ठेवून त्यांत दातेरी चाक अडकविले होते!

वायलमचा व्यवस्थापक विल्यम हेडली याने त्याच वर्षी एक गाडा करविला. त्यावर उभी राहून माणसे हातांनी दांडे फिरवीत आणि त्या जोरावर चाके फिरत. गाड्यावरचे वजन कमीअधिक करून तो किती वाघिणी ओढतो, हे पाहिले. गाडा पुरेसा जड असला की चाके घसरत नाहीत, असे आढळले. दात्यांचे कामच उरले नाही.

मग भाता फुलू लागला. लोखंडी पत्र्यांना भोके पाडून, लाल तापविलेले रिव्हेट ठोकून बाष्पक सांधावयाचा. एखादी फट राहिली तरी वाफ निसटावयाची. बाष्पकातील जाळाची नळी पलीकडच्या टोकाशी वळवून परत आणली होती. त्यामुळे तोच जाळ पाण्याला दोनदा तापवी, आणि धुराडे व भट्टीचे तोंड एकाच बाजूस येई.

१८१३-१४ च्या सुमारास हे इंजिन चालू लागले. लोक त्यास 'पफिंग बिली', म्हणजे धापा टाकणारा बिली, म्हणत. वेग ताशी सुमारे पाच मैल. पण आठ टनांच्या भाराने बिडाचे रूळ तडकू लागले. तेव्हा चार चाकांची आठ करून भार वाटून दिला. पुढे मजबूत रूळ आल्यावर पुन्हा चारच ठेविली.

या इंजिनाचे श्रेय हेडलीचे की हॅकवर्थचे, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. कल्पना हेडलीची मानली, तरी ऐरणीवरचे कष्ट लोहारांचे होते, हे विसरता येत नाही. हॅकवर्थ मोठा धर्मनिष्ठ होता. रविवारी काम करण्यास त्याने नकार दिला व त्यापायी त्याला वायलम सोडावे लागले. तरी इंजिनांचा नाद सुटला नाही. १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची इंजिने त्याच्याच देखरेखीखाली आली.

'पफिंग बिली' मात्र १८६२ पर्यंत वायलमलाच राबले. जगात शिल्लक असलेल्या वाफेच्या रेल्वे-इंजिनांत ते सर्वांत जुने असून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेविलेले आहे. त्याचे जोडीदार 'वायलम डिली' एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.