बाटल्यांचा माणूस

डोक्याची एक, मानेची एक, छातीची एक, ओटीपोटाची एक, हातांच्या दोन, मांड्यांच्या दोन आणि पोटऱ्यांच्या दोन. पॉलिथिनच्या अशा दहा बाटल्या जागच्या जागी मांडल्या की एक ओबडधोबड माणूस आडवा झालेला दिसतो. अणुवीज केंद्रांमध्ये आरोग्य-भौतिकीचे काम करणारे लोक त्याला ‘बोमॅब’ म्हणतात. त्याची मूळ कल्पना एफ. बुश यांच्या १९४९ च्या लेखातली. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याची मापे प्रमाणित झाली. या बाटल्यांत किती किरणोत्सारी द्रव भरला आहे हे आधीच ठाऊक असते. हाडामांसाच्या माणसाबद्दल ते ठाऊक नसते, म्हणून त्याची मोजणी करणाऱ्या यंत्राची परीक्षा या निर्जीव माणसाला मध्ये घालून घ्यावी लागते.

ते यंत्र म्हणजे होल बॉडी काउंटर. अणुभट्टीच्या आवारात दुरुस्तीचे काम चालले असताना हवेतले किरणोत्सारी कण श्वासावाटे आत जाऊ शकतात. छातीवरचा टीएलडी बॅज बाहेरून बसलेला मारा नोंदवतो. आत शिरलेल्या कणांचा हिशेब त्याला लागत नाही. तो लावण्यासाठी कर्मचाऱ्याला ठरावीक मुदतीने, आणि काही वावगे घडल्याची शंका आली तर लगेच, काउंटरवर पाठवतात. तिथे खुर्चीत बसायचे, पलंगावर झोपायचे किंवा दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे. जसे यंत्र तशी तऱ्हा. शरीरातून बाहेर पडणारे गॅमा किरण सोडियम आयोडाइडचे स्फटिक टिपतात. प्रत्येक किरणोत्सारी मूलद्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. सीझियम-१३७ ची ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कोबाल्ट-६० ची ११७३ आणि १३३२. पडद्यावरच्या आलेखात त्या जागी उंचवटा दिसला की काय आत गेले ते समजते.

किती गेले, हा प्रश्न अवघड आहे. यंत्र मोजते किरणांचे ठोके, अहवालात लिहायचे असतात बेकरेल, म्हणजे शरीरात दर सेकंदाला होणारी अणूंची विघटने. शरीरात निर्माण झालेल्या किरणांपैकी बरेचसे स्नायूंत आणि हाडांत अडतात, काही भलत्याच दिशेला जातात, काही स्फटिकातून आरपार निघून जातात. शंभर किरणांतले यंत्राच्या हाती किती लागतात, हे कागदावरच्या गणिताने पुरते सुटत नाही. वाण्याचा तराजू वैधमापन खात्याचा माणूस ओळखीची वजने टाकून तपासतो आणि मगच शिक्का मारतो. इथे ओळखीचे वजन म्हणजे बाटल्यांचा माणूस.

त्या बाटल्या भरणे हे निगुतीचे काम आहे. नुसत्या पाण्यात कोबाल्टचा क्षार विरघळवला तर काही दिवसांत त्यातला थोडा भाग बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो आणि द्रव एकसारखा राहत नाही. म्हणून त्यात आम्ल आणि साधे, किरणोत्सारी नसलेले कोबाल्ट मिसळतात. प्रत्येक बाटलीत किती द्रव गेला ते वजनावरून ठरवतात. मूळ द्रवाचे मापही राष्ट्रीय मानकाशी जुळलेले असावे लागते. भारतात ही मानके ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहेत. गळतीची धास्ती नको म्हणून काही ठिकाणी द्रवाऐवजी घट्ट होणारे रेझिनही भरतात.

खरी कसोटी मात्र आंधळ्या परीक्षेत लागते. बाहेरची संस्था भरलेला बोमॅब केंद्राकडे पाठवते आणि आत काय आहे, किती आहे, हे सांगत नाही. केंद्राने तो माणसासारखा मोजायचा आणि उत्तर कळवायचे. कॅनडात हे काम ओटावातले राष्ट्रीय संदर्भ केंद्र करत आले आहे. अशा तपासणीसाठी १९९६ च्या अमेरिकी मानकाने घालून दिलेली मर्यादा पाहण्यासारखी आहे: उत्तर खऱ्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी किंवा ५० टक्के जास्त निघाले तरी यंत्र उत्तीर्ण. दोन्ही बाजूंची सूट सारखी नाही. जास्त दाखवण्याची चूक जितकी खपवून घेतली जाते, तितकी कमी दाखवण्याची नाही. हिशेबाचा कल कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेकडे ठेवला आहे.

दोन परीक्षांच्या मधल्या काळात एक साक्षीदार आपण सगळेच शरीरात बाळगून असतो. अन्नातून येणाऱ्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश, ०.०११७ टक्के, निसर्गतःच किरणोत्सारी असतो. सत्तर किलोच्या प्रौढाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक बेकरेल. त्याचा १४६१ चा उंचवटा प्रत्येकाच्या आलेखात दिसायलाच हवा. दिसला नाही किंवा भलत्या जागी दिसला, तर दोष यंत्रात आहे असे समजावे.

चुका शिरायला वाटा बऱ्याच आहेत. काँक्रीटच्या भिंतीतही पोटॅशियम असते, हवेत रेडॉन असतो. रेडॉनपासून तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ चा ६०९ चा किरण सीझियमच्या ६६२ ला इतका लागून आहे की सोडियम आयोडाइडच्या आलेखात दोन्ही उंचवटे एकमेकांत मिसळतात. जर्मेनियमचा शोधक त्यांना वेगळे करतो, पण तो अतिशय थंड ठेवावा लागतो. बाहेरचा मारा अडवण्यासाठी जाड पोलादाच्या खोल्या बांधतात. ट्रॉम्बेच्या खोलीच्या भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या आहेत. अशा कामांसाठी जगात १९४५ पूर्वीच्या पोलादाला मोठी मागणी असे, कारण अणुचाचण्यांनंतर ओतलेल्या पोलादात किरणोत्साराचा अंश उतरू लागला होता.

२०११ च्या अणुअपघातानंतर फुकुशिमात हे सगळे प्रश्न एकदमच समोर आले. भोवतालची जमीनच दूषित झालेली. अशा ठिकाणी रिकाम्या खुर्चीची मोजणी घेऊन ती माणसाच्या मोजणीतून वजा केली, तर हिशेब चुकतो, कारण खुर्चीत बसलेला माणूस मागून येणारे किरण स्वतःच्या अंगाने अडवत असतो. त्यावर उपाय म्हणजे साध्या पाण्याने भरलेला बोमॅब बसवून वजाबाकीचा आकडा काढणे. कपड्यांवरची धूळही शरीरातली म्हणून मोजली जाई. हिराता इथल्या रुग्णालयाने लोकांना गाऊन घालून मोजायला सुरुवात केल्यावर तो घोळ मिटला. तिथले उभे राहून मोजायचे यंत्र दोन मिनिटांत ३०० बेकरेल इतके कमी सीझियमही ओळखत असे. ते प्रौढांसाठी बनलेले होते. पालकांना आपल्या लहानग्यांची मोजणी हवी होती, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ र्युगो हायानो यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये ‘बेबीस्कॅन’ तयार झाला. त्याची मर्यादा ५० बेकरेलच्या आत होती.

इतके सारे जुळवूनही काही गोष्टी या यंत्राला दिसतच नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम आढळले. ट्रिटियममधून गॅमा किरण निघतच नाहीत, आणि त्याचा क्षीण बीटा किरण कातडीबाहेरही येत नाही. उत्तम तपासलेला काउंटरही तिथे गप्प राहिला असता. प्रकार उघडकीला आला तो लघवीच्या नेहमीच्या तपासणीत.

म्हणून काउंटरच्या अहवालात ‘शून्य’ लिहिणे बरोबर नव्हे. लिहायचे ते ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’, आणि शेजारी त्या मर्यादेचा आकडा. कर्मचाऱ्याने अहवाल हातात घेताना दोन प्रश्न विचारावेत: ही मर्यादा किती बेकरेलची आहे, आणि यंत्राची शेवटची आंधळी परीक्षा कधी झाली? दोन्हींची उत्तरे तारीख-आकड्यांनिशी मिळाली, तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.