इम्पीच झाला म्हणजे खुर्ची गेली का?

मागच्या एपिसोडमध्ये मी एक घोळ घातला. बोलता बोलता म्हणून गेलो की बिल क्लिंटनला इम्पीच करून घरी पाठवलं. एका श्रोत्याने लगेच मेसेज केला, "दादा, मग २००१ पर्यंत व्हाइट हाउसमध्ये कोण होतं?" बरोबर पकडलं!

तर आज दोन शब्द: इम्पीच आणि आउस्ट.

इम्पीच म्हणजे पदावरच्या माणसावर रीतसर आरोप ठेवणं. एवढंच. आपला मराठी शब्द बघा ना, महाभियोग. अभियोग म्हणजे आरोप, खटला. उत्तर शब्दातच होतं, मीच नीट वाचलं नाही.

अमेरिकेत हे काम दोन टप्प्यांत होतं. आरोप ठेवतं प्रतिनिधीगृह, त्याला साधं बहुमत पुरतं. मग खटला चालतो सिनेटमध्ये, आणि दोषी ठरवायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. ती मिळाली तरच पद जातं. क्लिंटन डिसेंबर १९९८ मध्ये इम्पीच झाले, फेब्रुवारी १९९९ मध्ये सुटले आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं अध्यक्ष राहिले. ट्रम्प तर दोनदा इम्पीच झाले, दोन्ही वेळा सुटले. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन फक्त एका मताने वाचले! निक्सन? त्यांना खूप जण या यादीत घालतात. पण त्यांनी १९७४ मध्ये सभागृहाचं मतदान व्हायच्या आधीच राजीनामा दिला. थोडक्यात, आजवर एकाही अमेरिकन अध्यक्षाचं पद इम्पीचमेंटने गेलेलं नाही.

आउस्ट म्हणजे हाकलणं, खुर्चीवरून खाली खेचणं. मार्ग कुठलाही असो. मतदान, बंड, लष्कर, काहीही. ३ ऑक्टोबर २०२३ ला सभापती केविन मॅकार्थी यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी हटवलं. त्यांच्या स्वतःच्याच पक्षातल्या आठ जणांनी त्यांच्या विरोधात मत दिलं. ना खटला, ना महाभियोग. म्हणजे मॅकार्थी आउस्ट झाले पण इम्पीच नाही, आणि क्लिंटन इम्पीच झाले पण आउस्ट नाही.

दक्षिण कोरियात मात्र दोन्ही घडलं. यून सुक-योल यांना संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये इम्पीच केलं, पण पद गेलं ते ४ एप्रिल २०२५ ला, घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने. मधले साडेतीन महिने ते निलंबित होते, पण अध्यक्षच होते.

मेसेज करणाऱ्या मित्रा, थँक यू. तो जुना एपिसोड दुरुस्त करून परत टाकलाय.