उशिरा धडधडणारे काळीज

अवचित एखादी अशुभ वार्ता कानी आली, की काळजाचा ठोका चुकतो, छातीत धस्स होते, आणि त्या वार्तेचा पुरता अर्थ मनाला उमगण्यापूर्वीच हृदयाची धावपळ सुरू झालेली असते. हा संबंध इतका निकटचा, की मन आणि काळीज हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. परंतु ज्याच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसविलेले आहे, त्याच्या बाबतीत हा संबंध अक्षरशः तुटलेला असतो. शल्यविशारद रक्तवाहिन्या सांधतात. मज्जातंतू सांधता येत नाहीत. हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नाडीचा अंमल संपल्यामुळे ते विश्रांतीतही मिनिटाला नव्वद-शंभर ठोक्यांच्या चालीने चालते, आणि मेंदूचा कोणताही हुकूम त्याच्यावर थेट रुजू होत नाही. भय वाटले, तरी ॲड्रिनॅलिन रक्तातून वाहत हृदयापर्यंत पोचेतो काही मिनिटे जातात. मग ते धडधडू लागते, आणि प्रसंग निवळून मन स्थिर झाल्यावरही बराच वेळ धडधडतच राहते. म्हणून या रुग्णांना व्यायामापूर्वी शरीर हळूहळू तापवून घेण्यास शिकवितात.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत पहिले मानवी हृदय बसविले, तेव्हा असल्या सूक्ष्म गोष्टींचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती. वॉशकान्स्की १८ दिवस जगले. पुढल्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासांतच दगावला. पुढे नॉर्वेतील एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले, परक्या अवयवाला हुसकून लावण्याची शरीराची खटपट आटोक्यात येऊ लागली, आणि आज प्रौढ रुग्णांपैकी निम्म्यांहून अधिक दहा वर्षांपलीकडे जगतात. आयुष्याची मुदत अशी वाढली, तेव्हा ते आयुष्य कसे जगले जाते, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

लाभ फार मोठा आहे, यात शंका नाही. श्वास कोंडतो म्हणून ज्याने रात्रीच्या रात्री उशांना टेकून बसून काढल्या, त्याला आडवे होऊन निजता येणे हे सुख केवढे, हे त्याचे त्यालाच ठाऊक! पण या सुखाला तहहयात ताबेदारीची अट आहे. औषधांच्या वेळा मुक्रर असतात आणि त्यांत हयगय चालत नाही. पपनसासारखे साधे फळसुद्धा रक्तातील औषधाचे प्रमाण बिघडवू शकते. पहिल्या वर्षात मानेतील शिरेतून नळी घालून हृदयाचा सूक्ष्म तुकडा तपासणीसाठी पुनःपुन्हा काढतात, आणि निकाल येईपर्यंतचा काळ साऱ्या घराला जड जातो. टॅक्रोलिमस या औषधाने हात कापतात. स्टिरॉइडमुळे चेहरा सुजतो, झोप उडते, मन विनाकारण चिडते वा खचते. हा औषधाचा गुण आहे हे आधी कोणी स्पष्ट सांगितले नाही, तर ‘जीव वाचला आणि स्वभाव बिघडला’ असा आरोप घरातली माणसे रुग्णावर करतात, आणि त्याहून वाईट म्हणजे रुग्ण स्वतःच तो कबूल करतो. हे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती न देणे मला अक्षम्य वाटते.

याहून खोल आणि अव्यक्त असे दुःख ऋणाचे आहे. प्रतीक्षायादीत नाव असताना ज्या घटनेची वाट पाहिली, ती कोणाच्या तरी घरचा आकांत होती, ही जाणीव हृदय नीट चालू लागल्यावरच पुरती जागी होते. आणि दात्याचे नाव सामान्यतः गुप्त राखण्याचा दंडक असल्यामुळे हे ऋण कोणाच्या दारी नेऊन ठेवावे, तेही कळत नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी १९९२ साली अशा ४७ रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. नव्या हृदयाने आपला स्वभाव पालटला, असे म्हणणारे फक्त ३ होते; ७ जणांनी पालट मान्य केला, पण त्याचे कारण मृत्यूच्या दारातून परतणे हे सांगितले; उरलेल्या ३७ जणांनी काहीच बदलले नाही असे सांगितले. मला विचार करावासा वाटतो तो या ३७ जणांविषयी. कारण त्यांतले पुष्कळ जण प्रश्न निघताच विषय बदलीत, किंवा प्रश्नच हास्यास्पद ठरवीत, असे संशोधकांनी नोंदविले आहे. प्रश्नावलीत ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिणाऱ्याला विचारण्याजोगे पुष्कळ उरलेले असते. फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-लुक नान्सी यांनी मात्र ते निर्भयपणे लिहिले: स्वतःच्या हृदयरोपणावरील त्यांच्या निबंधाचे नावच ‘घुसखोर’ अशा अर्थाचे आहे, आणि त्या घुसखोराचा शोध घेता घेता, आपलेच निकामी झालेले हृदय आपल्याला आधी परके झाले होते, या जागी ते येऊन पोचतात. रोपणानंतर ते जवळजवळ तीस वर्षे जगले.

विषण्णता ही हृदयरोपणानंतर विरळा नाही, आणि ती असलेल्या रुग्णांचे आयुर्मान घटते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. तेव्हा दर तपासणीला रक्तदाबाप्रमाणे मनाचीही विचारपूस व्हावी, आणि रात्रंदिवस औषधांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या पत्नीला वा मुलालाही तीत स्थान मिळावे.

शरीर मात्र मन आणि काळीज यांच्या तुटलेल्या संबंधाविषयी उदासीन राहत नाही. रोपणानंतर वर्ष उलटले, की काही रुग्णांत मज्जातंतूंचे कोवळे तंतू महारोहिणीच्या जोडापलीकडे, परक्या मांसात, हळूहळू शिरू लागतात. सर्वांत नाही, आणि संपूर्ण हृदयात तर नाहीच. ज्यांच्यात ते वाढतात, त्यांचे हृदय श्रमाला अधिक तत्परतेने साथ देते, आणि त्यांतल्या काहींना, इतकी वर्षे मुक्या राहिलेल्या त्या हृदयातले दुखणे छातीत पुन्हा जाणवू लागते.