विश्लेषण : मेमध्ये एक, नोव्हेंबरमध्ये दुसरे… भिवंडीतील मध्यममार्गी मतदार मत कसे ठरवतो?

भिवंडी-निजामपूर शहर महापालिकेसह राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. भिवंडीत २३ प्रभागांतून ९० नगरसेवक निवडून द्यायचे होते. शहरात निम्म्याहून अधिक लोकसंख्या मुस्लीम आहे. त्याखेरीज आगरी, मराठी, तेलुगू पद्मशाली, गुजराती-मारवाडी व्यापारी आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार अशी सरमिसळ आहे. त्यामुळे इथल्या निवडणुकीचे गणित बहुतेक वेळा जमातींच्या बेरजेने मांडले जाते. पण लागोपाठच्या निकालांकडे पाहिले तर या बेरजेत न बसणारा एक मतदार दिसतो. तो कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नसतो, सभेला जात नाही, घरावर झेंडा लावत नाही आणि प्रत्येक निवडणुकीत नव्याने विचार करतो.

अलीकडचे निकाल काय सांगतात?

२० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले. केंद्रात राज्यमंत्री असलेले भाजपचे कपिल पाटील यांचा राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे सुरेश ऊर्फ बाळ्यामामा म्हात्रे यांनी सुमारे ६६ हजार मतांनी पराभव केला. अपक्ष नीलेश सांबरे यांनी दोन लाखांहून अधिक मते घेतली. म्हणजे दोन्ही मोठ्या आघाड्या नाकारणाराही मोठा वर्ग होता. शहरातल्या भिवंडी पूर्व आणि पश्चिम या दोन्ही विधानसभा क्षेत्रांत म्हात्रे पुढे होते. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचे मतदान झाले. पूर्वेत समाजवादी पक्षाचे रईस शेख सुमारे ५२ हजारांनी जिंकले, तर पश्चिमेत भाजपचे महेश चौघुले सुमारे ३१ हजारांनी. एकाच शहरात, एकाच दिवशी, रस्त्याच्या अल्याड-पल्याड दोन टोकांचे निकाल लागले.

हे सारे मध्यममार्गी मतदाराने केले असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. पश्चिमेत काँग्रेसचे दयानंद चोरघे, समाजवादी पक्षाचे रियाज आझमी, एमआयएमचे वारिस पठाण आणि अपक्ष विलास पाटील असे अनेक जण रिंगणात होते, त्यामुळे भाजपविरोधी मते विखुरली. तरीही केवळ मतविभागणीवर बोट ठेवून भागत नाही. चौघुले २०१४ मध्ये सुमारे साडेतीन हजारांनी जिंकले, २०१९ मध्ये सुमारे १५ हजारांनी आणि २०२४ मध्ये ३१ हजारांनी. पूर्वेत रईस शेख यांचे २०१९ मधले मताधिक्य अवघे १,३१४ होते. पाच वर्षांत ते ५२ हजारांवर गेले. वेगळ्या पक्षांचे हे दोन आमदार आपापल्या जागी भक्कम झाले. ओळखीच्या, कामाला उपलब्ध असलेल्या माणसाला पक्ष बाजूला ठेवून मत देणारे काही मतदार दोन्हीकडे असावेत, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. मतदान गुप्त असल्याने नेमके किती, हे निकालाच्या तक्त्यातून कळत नाही.

दर वेळी वेगळे मत म्हणजे गोंधळ का?

समजा, भिवंडीत २४ माग चालवणारा एखादा छोटा कारखानदार आहे. त्याच्या धंद्यापुढचे तीन प्रश्न तीन वेगळ्या दारांवर जातात. सुतावरचा जीएसटी आणि कापडाची आयात-निर्यात हा केंद्राचा विषय. यंत्रमागांना मिळणारी वीज सवलत राज्य सरकारच्या हातात. शहरात वीज वितरण २६ जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर ही खासगी कंपनी करते. देशातल्या या स्वरूपाच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. त्यावरून भिवंडीत प्रत्येक निवडणुकीत, अगदी पालिकेच्याही, भाषणे होतात. पण फ्रँचायझीचा करार बदलणे नगरसेवकाच्या हातात नाही आणि वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो एमएमआरडीए बांधते. शहराला वेढून असलेल्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गोदामपट्ट्यात ग्रामपंचायती आहेत, तिथे महापालिकेची हद्दच नाही.

मग पालिकेकडे उरते काय? नळाचे पाणी, गटार, कचरा, अंतर्गत रस्ते, मालमत्ता कर आणि धोकादायक इमारती. यादी किरकोळ वाटेल, पण शेवटचा विषय जिवाचा आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि झोपेत असलेली कुटुंबेच्या कुटुंबे ढिगाऱ्याखाली गेली. मृतांचा आकडा चाळीसच्या घरात पोहोचला. इमारत धोकादायक ठरवणे, रहिवाशांना नोटीस देणे, घर रिकामे केल्यावर ते जातील कुठे याची सोय पाहणे हे काम दिल्लीतून होत नाही. हा कारखानदार लोकसभेला एका पक्षाला, विधानसभेला दुसऱ्याला आणि पालिकेत तिसऱ्याच उमेदवाराला मत देत असेल, तर तो गोंधळलेला नाही. तो तीन वेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरे देतो आहे.

असे मतदार भिवंडीतच आहेत असे नाही. ओडिशात २०१९ मध्ये लोकसभा आणि विधानसभेचे मतदान एकत्र झाले. विधानसभेत बिजू जनता दलाने ११२ जागा जिंकल्या आणि भाजपला २३ मिळाल्या, पण लोकसभेत हेच प्रमाण १२ आणि ८ असे आले. एकाच केंद्रात, एकाच खेपेला दोन बटणे दाबताना अनेकांनी पक्ष बदलला.

तरंगता मतदार की तरंगते उमेदवार?

असा मतदार ‘तरंगता’ म्हणून ओळखला जातो. भिवंडीत हे विशेषण उमेदवारांनाही लावता येईल. कपिल पाटील २०१४ च्या निवडणुकीपूर्वी राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आले. त्याच निवडणुकीत सुरेश म्हात्रे मनसेचे उमेदवार होते. उमेदवार जागा बदलत असताना मतदाराने मात्र एका चिन्हाला चिकटून राहावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

खरा सल २०१९ चा आहे. मे २०१७ च्या पालिका निवडणुकीत काँग्रेसने ९० पैकी ४७ जागा जिंकल्या, म्हणजे स्वबळावर स्पष्ट बहुमत. अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महापौरपदाची दुसरी निवडणूक झाली तेव्हा काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले. कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ विरुद्ध ४१ मतांनी महापौर झाल्या. या आघाडीचे नगरसेवक होते चार! त्यानंतर जून २०२२ मध्ये मुदत संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली. साडेतीन वर्षे तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर रखडलेल्या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला.

पक्ष पाहून मत दिलेल्या मतदाराची २०१९ मध्ये फसगत झाली. माणूस पाहून मत दिलेल्याचीही झालीच, कारण फुटणारी माणसेच होती. म्हणून या वेळी ‘कोणाला’ इतकाच ‘तो पाच वर्षे तिथेच राहील का’ हा प्रश्न त्याच्यासमोर होता. नगरसेवकांसाठी १९८६ चा अनर्हता कायदा आहे, पण त्याखालच्या सुनावण्या आणि अपिले चालू असताना सभागृहातले मतदान काही थांबत नाही.

मध्यममार्ग इथे कुठून आला?

भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने केली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पोलीस शिपाई आणि दोन्ही समाजांतले रहिवासी नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. यात धंद्याचाही वाटा आहे. माग एकाचा, सूत दुसऱ्याचे, कापडाचा व्यापारी तिसराच. बाजार आठवडाभर बंद राहिला की तिघांचीही उधारी अडकते. प्रचार तापला की हा मतदार मागे सरकतो, त्यामागे ही आठवण आहे.

चार मतांचा उपयोग कसा होईल?

महापालिकेत एका मतदाराला एक मत नसते. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात. भिवंडीतील दोन प्रभाग तीन सदस्यांचे आहेत. चारही मते एकाच चिन्हाला द्यावीत असे बंधन नाही. प्रत्येक जागेसाठी ‘नोटा’चा पर्यायही आहे. या पद्धतीत मोठ्या पक्षाच्या पॅनेलचा फायदा होतो, कारण एवढ्या मोठ्या प्रभागात एकट्या अपक्षाला घरोघरी पोहोचणे जड जाते. शिवाय गटार तुंबले तर चौघांपैकी जबाबदार कोण, हे ठरवणे अवघड होते. पण मध्यममार्गी मतदाराला हीच पद्धत एक सोय देते. काम करणारी एक नगरसेविका एका पक्षाची, दुसऱ्या जागेवर विरोधी पक्षाचा माणूस आणि तिसरीकडे अपक्ष, अशी निवड तो एकाच वेळी करू शकतो. प्रचारात म्हणूनच ‘चारही बटणे आमचीच’ असा आग्रह धरला जातो.

मतमोजणी १६ जानेवारीला झाली. निकालानंतर निवडून आलेल्यांची कोकण विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी होते आणि मग महापौर निवड. ४६ चा आकडा कोण गाठतो हे तेव्हा ठरते. अडीच वर्षांनी महापौरपदाची निवडणूक पुन्हा होते.