अस्थिमज्जा : रक्ताची जन्मभूमी

हाडे म्हणजे शरीराला आधार देणारा केवळ सांगाडा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु हाड मध्ये तोडून पाहिले, तर त्याच्या पोकळीत मऊ मगज भरलेला आढळतो. हीच अस्थिमज्जा होय. सस्तन प्राण्यांच्या रक्तातील पेशी येथे जन्म घेतात, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ साली दाखवून दिली. सर्वच प्राण्यांत मात्र ही व्यवस्था नसते. माशांच्या हाडांत असा मगज नसतो; त्यांचे रक्त मुख्यत्वे मूत्रपिंडात तयार होते.

बालपणी मनुष्याच्या बहुतेक सर्व हाडांत तांबडी मज्जा असते. प्रौढपणी ती मणके, बरगड्या, उरोस्थी, कटीची हाडे अशा ठिकाणीच उरते; इतरत्र तिची जागा पिवळी चरबी घेते. या मज्जेतील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, श्वेतपेशी व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका निर्माण होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून मज्जेला दर सेकंदास वीस लाखांहून अधिक नव्या पेशी पुरवाव्या लागतात. रक्तात प्राणवायू कमी पडला, की मूत्रपिंड एक संप्रेरक सोडते आणि मज्जेचे काम वाढते.

पण ज्या कारखान्याला कच्चा माल मिळत नाही, त्याची काय अवस्था होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. त्या काळी मुंबईतील अनेक गरीब गर्भवती स्त्रियांना तीव्र पांडुरोग जडत असे, आणि त्यात कित्येक माता दगावत. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. केवळ लोहाच्या अभावाने होणाऱ्या पांडुरोगात पेशी उलट लहान होतात. अर्थात हा रोग निराळा होता.

विल्स यांनी रोगजंतूंचा शोध घेतला, त्याचप्रमाणे एस. एन. तळपदे यांच्या सहकार्याने स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणीही केली. संशयाची सुई निकृष्ट आहाराकडे वळली. मग त्यांनी माकडांना तशाच प्रकारचा निकस आहार दिला. त्यांनाही मोठ्या पेशींचा पांडुरोग झाला. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्त मार्माइट, देताच माकडे सुधारली. रुग्ण स्त्रियांवरही तोच गुण आला. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले.

त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा अज्ञात होते. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बराव हे होते.

आता रोगाचे मर्मही उलगडले. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य दुप्पट व्हावे लागते. त्यासाठी फॉलिक आम्ल हवे. ते न मिळाल्यास केंद्रकाची वाढ मागे पडते, पेशी मात्र फुगत राहते. अनेक पेशी तर मज्जेतच नाश पावतात. गर्भाच्या वाढीमुळे मातेची गरज वाढते आणि तुटवडा प्रथम तिलाच जाणवतो.

आज गर्भवती स्त्रियांना दवाखान्यातून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्यात येतात. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये यांतही हे द्रव्य असते. मात्र भाजी फार वेळ शिजविल्यास ते बरेचसे नष्ट होते. परळच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला शोध आज आपल्या ताटापर्यंत येऊन पोहोचला आहे. हाडांत दडलेला हा अविश्रांत कारखाना चालू ठेवणे, हे अखेर रोजच्या घासावरच अवलंबून आहे.